बहिर्गमन-प्रकरण

मनुष्याने ॲपमध्ये शिरावे म्हणून या जगात जेवढे द्रव्य, जेवढी बुद्धी आणि जेवढी आर्जवे खर्ची पडतात, त्यांच्या शतांशानेही त्याने तेथून सुखरूप बाहेर कसे पडावे याची तजवीज कोणी केलेली दिसत नाही. प्रवेशाचा मार्ग एकच, आणि तो इतका निर्वेध, की धड बोलता न येणारे मूल आणि चष्मा कपाळावर चढवून फोन हातभर लांब धरणारे त्याचे पणजोबा, हे दोघेही तो कोणी न शिकवता आक्रमतात. चित्रावर बोट टेकले की काम झाले. बहिर्गमनाची गोष्ट निराळी आहे. त्याचा कायदा गेल्या दीड-दोन दशकांत इतक्या वेळा बदलला, आणि दर खेपेस जुन्या वहिवाटदारांना कसलीही पूर्वसूचना न देता बदलला, की महसुलाचे नियम या गतीने फिरले असते तर एव्हाना निम्मी रयत परागंदा झाली असती. फोनच्या रयतेला तीही सोय नाही, कारण परागंदा व्हावे कसे हाच तर तिच्यापुढील प्रश्न आहे.

दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावून तो काय पाहतो आहे हे बघणे असभ्यपणाचे, याविषयी दुमत नाही. पण तो ते पाहण्याचे थांबवतो कसे, हे न्याहाळण्यात शिष्टाचाराचा कोणताही भंग होत नाही, आणि लोकलच्या डब्यात, बँकेच्या रांगेत किंवा दवाखान्याच्या बाकावर ताटकळत बसलेल्या माणसाला याहून स्वस्त करमणूक मिळणे कठीण. आत असताना सगळी माणसे सारखीच दिसतात: मान खाली, ओठ अर्धवट उघडे, मुद्रा समाधिस्थ. मग स्टेशन येते, टोकनचा नंबर पुकारला जातो, अगर कंपाउंडर नावाने हाक मारतो, आणि त्या एका क्षणात ज्याचा त्याचा स्वभाव त्याच्या अंगठ्यात उतरतो. कोणी फोनला एक झटका देऊन मोकळा होतो, कोणी पायरी-पायरीने मागे येतो, कोणी आत-बाहेर काहीच न करता तो तसाच खिशात कोंबतो, आणि एखादे सद्गृहस्थ मात्र, डॉक्टर स्वतः दार उघडून उभे राहिले तरी, उघडी असलेली एकूण एक ॲपे वर ढकलून नाहीशी केल्यावाचून बाकावरून उठत नाहीत.

या मतभेदांचे मूळ शोधू जाता थोडा इतिहास उगाळावा लागतो. २००७ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन प्रथम लोकांपुढे धरला, तेव्हाची व्यवस्था विलक्षण सरळ होती. फोनच्या दर्शनी भागावर एकच वाटोळी, किंचित खोलगट कळ आणि तिच्यावर रेखलेला एक लहानसा चौकोन. तुम्ही कोठेही असा, कितीही खोल असा, ती कळ दाबली की तत्क्षणी मुक्कामी दाखल. विचारपूस नाही, कैफियत नाही, 'नक्की जायचं ना?' असा लाघवी प्रश्न नाही. वेदान्ताच्या परिभाषेत बोलायचे तर ही सद्योमुक्ती होती. पुढल्याच वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोन आला आणि त्याच्याबरोबर क्रममुक्तीचा संप्रदाय आला. त्या फोनवर घरची कळ होतीच, पण तिच्या शेजारी आल्या पावली परत नेणारी 'मागे'ची कळही होती, आणि पुढे लक्षावधी लोकांच्या अंगठ्यांनी घरच्या कळेला सोडून या दुसऱ्या कळेचाच अनुग्रह घेतला.

आता आल्या पावली म्हणजे नेमके कोणत्या पावली, याचा निर्णय करणे अवघड असते. मेहुण्याने व्हॉट्सॲपवर धाडलेल्या दुव्यावरून आपण एका बातमीत गेलो, बातमीतून चित्रफितीत, चित्रफितीतून प्रेशर कुकरच्या जाहिरातीत आणि जाहिरातीतून थेट दुकानात. अशा स्थितीत 'मागे' दाबल्यावर बातमी यावी, की मेहुणा यावा, की आपण मुळातूनच बाहेर फेकले जावे, याविषयी तीन ॲपांची तीन मते असतात. भरीस भर म्हणून अँड्रॉइडच्या आचार्यांनी पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात आणखी एक बाण बसविला. खालचा बाण तुम्हाला तुम्ही आलात त्या वाटेने परत नेतो आणि वरचा तुम्हाला त्या ॲपच्या वंशावळीत एक पिढी वर चढवितो, हा त्यांतील सूक्ष्म भेद ॲपे रचणाऱ्यांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेत सविस्तर विशद केला होता. ज्यांच्या अंगठ्यांसाठी हे बाण होते त्यांच्यापैकी कोणी ती मार्गदर्शिका वाचली नाही. दोन्ही बाण डावीकडेच तोंड करून बसलेले, म्हणून त्यांनी ते सख्खे भाऊ मानले आणि जो हाताला लागेल तो दाबला.

आपल्याकडे आयफोनच्या त्या वाटोळ्या कळेचा एक निराळाच इतिहास घडला, आणि तो कॅलिफोर्नियातील कारागिरांच्या स्वप्नातही आला नसेल. महागाची वस्तू घ्यायची ती टिकविण्यासाठी, वापर हा त्यातील नाइलाजाचा भाग, अशा संस्कारांत वाढलेल्या घरांत आयफोन शिरला तेव्हा पहिली चिंता उत्पन्न झाली ती अशी, की ही एकुलती एक कळ दाबून दाबून झिजली तर करायचे काय. ज्यांना हाताच्या व्याधीमुळे कळ दाबणे जड जाते अशांसाठी त्याच फोनमध्ये 'असिस्टिव्ह टच' नावाची एक सोय ठेवलेली असते. ती सुरू केली की पडद्यावर एक धूसर ठिपका तरंगू लागतो आणि कळेचे काम तोच करतो. ही सोय आमच्या धडधाकट मंडळींनी कळेच्या संरक्षणार्थ मुक्रर केली. ठिपका नवरीच्या फोटोत तिच्या कपाळाशेजारी बसला, नकाशात नेमका ज्या चौकात वळायचे त्या चौकावर बसला, तरी कोणी तक्रार केली नाही. कळ शाबूत होती. फोन विकायला काढताना 'होम बटण एकदम नवंकोरं, कधी दाबलेलंच नाही' असे अभिमानाने सांगणारा तरुण मी ऐकला आहे, आणि विकत घेणाऱ्यानेही त्यावर समाधानाने मान डोलावली होती. २०१६ साली ॲपलने अशी कळ काढली की ती मुळी दबतच नसे. बोट टेकले की आतले लहानसे यंत्र एक हिसका देई आणि दाबल्याचा आभास होई. न दबणारी कळ झिजणार कशी, असा प्रश्न कोणाही विचारी माणसाला पडावा, परंतु ठिपका हटला नाही. अखेर २०१७ च्या आयफोन टेनमधून कळ समूळ खारीज झाली आणि ठिपकेवाल्यांना रक्षण करण्याजोगे काही उरले नाही.

कळ गेली आणि तिच्या जागी कड आली. पडद्याच्या खालच्या कडेवरून अंगठा वर सरकवला की ॲप लहान होत होत अंतर्धान पावते. ही युक्ती आयफोनची म्हणून प्रसिद्धीस आली असली, तरी न्यायाची चाड असणाऱ्याने तिचे खरे जनक नोंदवून ठेवले पाहिजेत. उघड्या ॲपांचे पत्ते मांडून नको असलेला पत्ता वर भिरकावून देण्याची क्रिया २००९ साली पाम प्री या फोनने दाखविली. दर्शनी भागावर एकही कळ न ठेवता कडेवरून बोट आत ओढून बाहेर पडण्याची क्रिया २०११ साली नोकिया एन-नाइनने. पाम कंपनी प्री निघाल्याच्या दुसऱ्याच वर्षी एचपीने खरेदी केली आणि त्या फोनांचा कारभार २०११ साली गुंडाळला. नोकियाचा फोनचा धंदा २०१४ साली मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेला. बहिर्गमनाची दीक्षा देणारे दोन्ही गुरू अशा रीतीने शिष्यांच्या आधीच बहिर्गत झाले.

या विद्येत लयीलाही महत्त्व आहे, हे पुष्कळांना उशिरा कळते. अंगठा द्रुत लयीत वर नेला तर घर येते. तोच विलंबितात नेऊन मध्यावर क्षणभर थबकला तर घराऐवजी उघड्या ॲपांची सगळी चळत समोर येते. आणि कडेकडेने आडवा फिरवला तर मघाचे ॲप पुन्हा हजर होते. ज्याच्या अंगात ताल नाही त्याने घरी पोचू नये, असा हा दंडक आहे. वयस्क मंडळींचा अंगठा मुळातच विचार करत करत चालणारा. तो मध्यावर थबकतो, चळत समोर येते, ती पाहून ते दचकतात, दचकून कोठेतरी बोट लावतात, आणि ज्या ॲपमधून निघाले होते त्यातच पुन्हा रुजू होतात.

अँड्रॉइडने या काळात भूमितीचा आश्रय केला होता. २०१४ पासून पडद्याच्या तळाशी त्रिकोण, वर्तुळ आणि चौकोन या तीन आकृत्या आल्या आणि त्यांखाली एकही अक्षर लिहिलेले नव्हते. त्रिकोण म्हणजे मागे, वर्तुळ म्हणजे घर, चौकोन म्हणजे नुकत्याच उघडलेल्या ॲपांची यादी, हे प्रमेय सिद्धतेशिवाय मान्य करावे लागे. बरे, त्यातही एकवाक्यता असावी. पण गूगलच्या फोनवर 'मागे' डावीकडे, तर सॅमसंगच्या फोनवर उजवीकडे. एका घरात नवऱ्याचा फोन एका पंथाचा आणि बायकोचा दुसऱ्या पंथाचा असला, की "जरा तुझा फोन दे गं" या निरुपद्रवी वाक्यानंतर जे संभाषण घडते ते येथे उद्धृत करण्यासारखे नाही. पुढे २०१९ साली अँड्रॉइड दहामध्ये तिन्ही आकृत्या ऐच्छिक ठरल्या आणि पडद्याच्या डाव्या-उजव्या कोणत्याही कडेवरून बोट आत ओढले की मागे जाण्याची मुभा मिळाली. परिणाम असा, की फोटोतून नको असलेला चुलत साडू कापून टाकण्यासाठी चौकटीची कड धरून ओढावी तर साडू जागच्या जागी राहतो आणि आपण बाहेर येतो.

आता वर उल्लेखिलेल्या संहारक पंथाकडे वळतो, कारण या प्रकरणाचे खरे नायक तेच. आमच्या शेजारी नाना म्हणून एक सेवानिवृत्त हेडक्लार्क राहतात. रात्री जेवण झाले, सुपारीचे खांड तोंडात गेले, की ते फोन घेऊन आरामखुर्चीत बसतात आणि दिवसभरात उघडलेली ॲपे एकेक करून वर धाडू लागतात. 'सगळी बंद करा' असे एक बटण तेथेच असते हे त्यांना ठाऊक आहे, पण ते त्यांना पसंत नाही. "एकदम सगळ्यांना काय घालवायचं? कोण काय करत होता ते बघून घालवावं," असे त्यांचे म्हणणे, आणि खरोखरच प्रत्येक ॲपवर दृष्टी टाकून, हवामानाला एक न्याय आणि रेल्वेच्या वेळापत्रकाला दुसरा असे न करता, ते सर्वांची रवानगी करतात. शेवटी 'अलीकडील काही नाही' अशी अक्षरे उमटली, की त्यांच्या मुद्रेवर जी शांती पसरते ती मी दिवसाच्या इतर कोणत्याही प्रहरी पाहिलेली नाही. कारण विचारले तर म्हणतात, "बॅटरी खातात हो हे लोक."

हे लोक बॅटरी खात नाहीत, हे नानांना पटवून देण्यासाठी मी त्यांच्याच खात्यातील दाखला घेतला. ॲप सोडून आपण घरी आलो म्हणजे ते चालू राहते असे नाही आणि मेले असेही नाही. थोड्या अवधीत फोन त्यास निलंबित करतो. निलंबित कारकुनाचे टेबल जागेवर असते, नाव पटावर असते, पण त्याच्यापुढे एकही कागद येत नाही. तसे हे ॲप फोनच्या स्मृतीत जागा अडवून असते, काम मात्र शून्य. जागेची टंचाई भासली की ज्याच्याकडे फार वेळ कोणी फिरकले नाही अशा निलंबितास फोन आपण होऊन बडतर्फ करतो, त्यासाठी नानांनी रात्री जागण्याचे प्रयोजन नाही. उलट रात्री हाताने बडतर्फ केलेल्याला सकाळी पुन्हा बोलवायचे, तर नवी नेमणूक, नवी हजेरी, नवी टेबल-खुर्ची, आणि या सगळ्याचा खर्च बॅटरीच्याच नावे पडतो. २०१६ साली एका ग्राहकाने ॲपलचे मुख्याधिकारी टिम कुक यांना पत्र घालून विचारले होते, की आपण ॲपे अशी वारंवार बंद करता काय, आणि बॅटरीसाठी तसे करणे जरूर आहे काय. उत्तर त्यांचे सहकारी क्रेग फेडेरिगी यांच्याकडून आले आणि ते 'नाही आणि नाही' एवढेच होते.

नानांनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि मग चाळीस वर्षांच्या नोकरीच्या अधिकाराने विचारले, "निलंबित माणूस घरी स्वस्थ बसतो असं वाटतं तुम्हाला? चार ठिकाणी अर्ज करत फिरत असतो तो." याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण गाणी वाजविणारी, मार्ग दाखविणारी आणि आपण कोठे आहोत याची टिपणे ठेवणारी काही ॲपे पडद्याआड जाऊनही खरोखरच आपला उद्योग चालू ठेवतात. तेव्हापासून मी हा वाद सोडून दिला आहे. शिवाय नानांना जे सुख मिळते ते बॅटरीतून मिळतच नाही. आयुष्यभर इतरांनी पाठविलेल्या यादीप्रमाणे माणसे बरखास्त करण्याचे कागद ज्याने केले, त्याला निवृत्तीनंतर स्वतःच्या मुखत्यारीने काही बरखास्त करता यावे, यात गैर ते काय?

नानांच्या अगदी उलट टोकाला जे बसतात ते बहुसंख्य आहेत. हे लोक बाहेर पडतच नाहीत. बाजूचे बटण दाबून पडदा काळा करतात आणि जग मिटले असे समजतात. वस्तुतः ज्या स्थळी त्यांनी फोन सोडला, त्याच स्थळी तो त्यांची वाट पाहत असतो. एका शोकसभेत दोन मिनिटे स्तब्ध उभे राहण्याची विनंती झाली, तेव्हा पुढच्या रांगेतील एका विवेकी गृहस्थांना आठवण झाली की आपला फोन वाजला तर अनर्थ होईल. तो गप्प करण्यासाठी त्यांनी तो खिशातून काढला, अंगठ्याच्या ठशाने उघडला, आणि रिक्षात अर्धवट राहिलेली चिकन सुक्क्याची कृती, फोडणीच्या चुरचुरीसह, भरसभेत पुढे सुरू झाली. घाबरलेल्या माणसाच्या बोटांना द्रुत-विलंबित कोठले सुचायला! त्यांनी वर सरकवले तर सुक्क्याच्या जागी कोळीगीत आले, आणखी वर सरकवले तर दंतमंजनाची जाहिरात आली. शेवटी ते फोन खुर्चीत ठेवून त्याच्यावर बसले. स्तब्धता सर्वांनी उभ्याने पाळली, त्यांनी एकट्याने बसून. आणि मृतात्म्याशी त्यांचे विशेष सख्य असावे, असा लोकांनी समज करून घेतला.

वर सरकवले की पुढले येते आणि त्यापुढचेही येते, या रचनेचा एक जनक आझा रास्किन नावाचा अमेरिकन आहे. २००६ साली त्याने ही न संपणाऱ्या पानाची कल्पना योजिली, आणि पुढे तिचे फळ पाहून जाहीरपणे पश्चात्तापही व्यक्त केला. मासिकाचे पान संपते, नाटकाचा अंक संपतो, आणि तेथे माणसाला घड्याळाकडे पाहण्याची सवड सापडते. येथे तळच नाही, तेव्हा उठायचे कोठून? त्यातूनही जो निग्रही पुरुष उठतो, त्याची ॲप सहजी पाठ सोडत नाही. २०१७ पासून अँड्रॉइड फोनवर चित्रफीत लहान होऊन पडद्याच्या कोपऱ्यात बसू शकते. तुम्ही घरी आलात तर ती तुमच्या मागोमाग घरी येते, आणि तिला हाकलायला बोट लावले की ती मोठी होते. जाहिरातीच्या कोपऱ्यातील फुलीची तऱ्हा आणखी वेगळी: ती प्रथम काही सेकंद प्रकटच होत नाही, प्रकटते ती मोहरीएवढी, आणि ज्याच्या बोटाचे टोक मोहरीहून मोठे आहे तो फुलीऐवजी दुकानात जाऊन पडतो. ॲप सोडून गेल्यावर चार दिवस उलटतात न उलटतात तोच त्याचा तगादा सुरू होतो, की आपण फार दिवसांत दिसला नाहीत, आम्ही काही चुकलो काय. इतकी आर्त विचारपूस सख्ख्या भाच्याकडूनही होत नाही.

सरकारदप्तरी या कपटांची दखल घेतली गेली आहे, हे नमूद करणे उचित. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या अधिसूचनेन्वये अशा १३ क्लृप्त्या नावनिशीवार नोंदवून त्यांस मज्जाव केला. वर्गणीदार होणे एका बोटाचे आणि वर्गणी थांबविणे दहा पानांचे, ही त्यांतील एक. वारंवार तीच विनवणी करून जीव नकोसा करणे ही दुसरी. आणि नकार देणाऱ्याला त्याच्याच तोंडून लाजविणे ही तिसरी, जिच्या उदाहरणादाखल विमानाच्या तिकिटाबरोबर विमा न घेणाऱ्या प्रवाशाकडून 'मी असुरक्षितच राहीन' असे वदवून घेणारे बटण दिले आहे. अधिसूचना मी आदराने वाचली. ती वाचत असताना, ज्या संकेतस्थळावर ती होती त्याने मला तीनदा सूचना पाठविण्याची परवानगी मागितली.

बहिर्गमनासाठी चाललेल्या या अखंड धडपडीत प्रसंग एकच असा येतो, की जेव्हा बाहेर पडण्यास मनुष्य स्वतः धजत नाही. भाजीवालीसमोर उभे राहून, तिच्या पाटीवरील चौकोनी नक्षी टिपून, गुप्त अंक घालून रक्कम रवाना केली, की पडद्यावर एक चक्र फिरू लागते आणि त्याखाली ताकीद उमटते: मागे जाऊ नका, ॲप बंद करू नका. एरवी क्षणात दहा ठिकाणी जाणारा अंगठा त्या वेळी हवेत अधांतरी राहतो. माणूस फोन आडवा करत नाही, जागचा हलत नाही, श्वासही बेताने घेतो. नेमका त्याच वेळी, 'कोथिंबीर घेतलीत का' हे विचारण्यासाठी घरून फोन येतो आणि सारा पडदा व्यापून बसतो. उचलावा तर चक्राचे काय होईल, तोडावा तर घरी काय होईल!

"दादा, आलं नाही अजून," मावशी आपल्या बोलक्या डबीकडे कान लावून सांगतात.

"अहो मावशी, माझ्याकडून गेलेत."

"गेलं असंल, पर आलं न्हाई."

रिझर्व्ह बँकेने २०१९ साली परिपत्रक काढून या त्रिशंकू रकमांना मुदत घालून दिली आहे: दुकानदाराला पोचल्याची खूण न मिळालेले पैसे पाच दिवसांच्या आत आपोआप परत यावेत, आणि न आल्यास पुढल्या प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई मिळावी. हा दहा रुपयांच्या जुडीवर मिळू शकणारा उत्तम व्याजदर मावशींना समजावून सांगण्याच्या बेतात माणूस असतो, तोच डबी बोलते, दहा रुपये प्राप्त झाल्याचे अख्ख्या मंडईला कळते, आणि मावशी मिरच्या दोन जास्त टाकतात.

राहता राहिल्या घरोघरच्या मातोश्री. यांचा कोणत्याच पंथात समावेश होत नाही, कारण ॲपमधून बाहेर पडणे हे आपल्या कर्तव्यात मोडते असे त्यांना मुळी वाटतच नाही. त्यांची उमेद तारेच्या टेलिफोनवर गेली. तेथे बोलणे झाले की रिसीव्हर जागेवर ठेवायचा, ठेवला की संपले, आणि हा नियम अर्धशतक पाळून त्यांना कधी अपाय झाला नव्हता. रविवारी सकाळी न्यू जर्सीच्या मुलाशी व्हिडिओवर बोलणे होते. तिकडे शनिवारची रात्र असते. थंडी, वरणातला हिंग, नातवाचा पडलेला दात, सगळे सांगून-विचारून होते. "बरं, ठेवते हं," असे म्हणून त्या फोन खरोखरच टेबलावर उताणा ठेवतात आणि स्वयंपाकघराकडे वळतात. न्यू जर्सीत पडद्यावर आता वरचा पंखा संथ फिरताना दिसतो आणि आवाज मात्र स्वच्छ पोचत राहतात.

"बारीक झालाय हो. ती करून घालते की नाही, देवाला ठाऊक."

"अगं, तीही नोकरी करते," वर्तमानपत्राआडून वडील.

"मी कुठं काय म्हटलं? मी नोकरी करत नव्हते वाटतं? डबे भरून जात होते सगळ्यांचे."

मुलाच्या पडद्यावर लाल बटण ठळक दिसत असते. पण एव्हाना सूनबाईही उत्सुकतेने त्याच्या शेजारी येऊन बसलेली असते आणि बटणाकडे जाणारा त्याचा हात तिने धरून ठेवलेला असतो. विषय डब्यांवरून पोळ्यांवर आणि पोळ्यांवरून तिच्या माहेरच्या आमटीवर येऊ लागतो, तेव्हा मात्र त्याच्याने राहवत नाही.

"आई, फोन चालू आहे गं अजून!"

पंख्याच्या जागी प्रथम एक कपाळ येते, मग चष्मा.

"मग बंद करायचा की रे तिकडून! आम्हाला कुठं येतं ते. आणि हे बघ, कुंदाचा मुलगा निघालाय गुरुवारी, त्याच्याबरोबर लिंबाचं लोणचं पाठवतेय. तिला आवडतं म्हणून."